लाइनवरच्या माणसातून सुपरवायझर घडवताना

चाकण, भोसरी, सातपूर, वाळूज, शिरोली. एमआयडीसी कुठलीही असो, मध्यम आकाराच्या कारखान्यात सुपरवायझर बहुतेक वेळा एका संध्याकाळी ठरतो. जुना माणूस राजीनामा टाकून शेजारच्या कंपनीत गेलेला असतो आणि सोमवारपासून शिफ्टला कुणी नसतं. मग प्रॉडक्शनचे साहेब म्हणतात, "तो सेटर हुशार आहे, त्यालाच करून टाका." सेटर म्हणजे मशिनचं सेटिंग लावून देणारा. एचआर पत्र काढतं, युनिफॉर्मचा रंग बदलतो. महिन्याभरात लक्षात येतं की मशिनवरचा सगळ्यात चांगला हात गेला आणि त्या बदल्यात मिळाला एक वैतागलेला माणूस, ज्याला पंधरा पोरांना काम वाटून देता येत नाही.

मी चाकण भागातल्या मशिनिंगच्या एका कारखान्यात ट्रेनिंग सांभाळते. ओळखीचे एचआरवाले फोन करून विचारतात, "सुपरवायझर ट्रेनिंगला चांगलं कोण आहे? दोन दिवसांचं काहीतरी सांगा." बाहेरून आणण्यासारखं यात थोडंच असतं. पद देण्याआधी पदाचं काम करायला द्यायचं, तेही एकेक तुकडा करून आणि कुणाच्या तरी नजरेखाली. खरं ट्रेनिंग एवढंच आहे. वर्ग, प्रोजेक्टर, प्रमाणपत्र हे त्याच्या मागून येतं. हे लिहिलंय ते शंभर ते चारशे माणसांच्या कारखान्यांसाठी, जिथे एचआर म्हणजे दोन माणसं आणि ट्रेनिंग म्हणजे त्यातल्या एकाचं जादा काम.

माणूस हेरायचा कसा

"तुमच्या लाइनवर सगळ्यात चांगला कोण?" असं शिफ्ट इन्चार्जला विचारू नका. तो आउटपुट सांगेल. त्यापेक्षा पाळी बदलताना पंधरा मिनिटं लाइनजवळ उभे राहा. पहिल्या पाळीचे हात पुसून बसकडे निघालेले असतात, दुसऱ्या पाळीचे येत असतात. त्या गर्दीत कुणीतरी एक जण थांबून पुढच्याला सांगत असतो, "तीन नंबरचा इन्सर्ट आत्ताच बदललाय, पहिले पाच पीस गेजला लावून बघ." (इन्सर्ट म्हणजे मशिनमधलं धातू कापायचं पातं, गेज म्हणजे माप तपासायचं साधन.) त्याला कुणी थांबायला सांगितलेलं नसतं. त्याचं नाव लिहून घ्या.

नंतर हॅंडओव्हर वही, म्हणजे पाळी सोपवताना लिहायची वही, चाळा. "सर्व ओके" लिहिणारे खूप असतात. "कूलंट कमी होतंय, मेंटेनन्सला दोनदा सांगितलं, आले नाहीत" असं लिहिणारा वेगळा. मशीन थांबलं की पोरं इन्चार्जला बोलावण्याआधी कुणाकडे बघतात, तेही पाहा. आणि नवीन अप्रेंटिस कुणाजवळ उभा केला तर आठवड्यात तयार होतो आणि कुणाजवळ केला तर महिनाभर झाडूच मारतो, हे तर अख्ख्या शॉपला माहीत असतं. विचारलं की सांगतात.

मी आणखी एक गोष्ट पाहते: रिजेक्शन निघालं की माणूस पहिलं वाक्य काय बोलतो. "मटेरियलच तसं आलंय", "आधीच्या पाळीने सेटिंग हलवलं" ही नेहमीची वाक्यं. त्यात खोटं असतंच असं नाही. पण "किती पीस गेले पुढे, आधी ते थांबवा" असं पहिल्यांदा ज्याच्या तोंडून निघतं, त्याच्यात सुपरवायझर आहे. बाकीचं शिकवता येतं.

एवढं झालं की त्यालाच विचारा, तुला हे हवंय का. हा प्रश्न आपल्याकडे विचारलाच जात नाही, कारण बढती नको म्हणणारा माणूस असू शकतो हेच कुणाला पटत नाही. पण असे असतात, आणि चांगले असतात. पाच ॲक्सिसच्या मशिनवर नवा पार्ट लावण्यात ज्याचा जीव रमतो, त्याला रजेचे अर्ज आणि डब्याच्या वेळेवरून होणारी भांडणं देऊन तुम्ही काय कमावणार? त्याच्यासाठी दुसरी वाट हवी: सेटर, सीनियर सेटर, मास्टर टेक्निशियन. मात्र त्या वाटेवरच्या वरच्या ग्रेडचा पगार सुपरवायझरच्या बरोबरीचा असला पाहिजे. नसेल तर ती वाट नोटीस बोर्डावरच राहते आणि नाइलाजाने सगळे सुपरवायझरच्या रांगेत येऊन उभे राहतात.

पत्राआधी पगाराची स्लिप

याबद्दल ट्रेनिंगवाले बोलत नाहीत, म्हणून जरा सविस्तर सांगते. कारखान्यातल्या कामगाराला जादा कामाचा दुप्पट दर मिळतो. फॅक्टरीज ॲक्ट १९४८ पासून हा नियम आहे आणि नव्या श्रमसंहितेतही तो कायम आहे. सुपरवायझरच्या पदांना मात्र नियमांनुसार ओव्हरटाइममधून वगळता येतं आणि बहुतेक कंपन्या वगळतात. आता हिशेब मांडा. समजा, ओव्हरटाइमसाठी धरला जाणारा एका सेटरचा पगार महिना १८,७२० रुपये आहे. २६ दिवसांनी भागलं की रोजचे ७२०, आठ तासांनी भागलं की तासाचे ९०, दुप्पट केले की १८०. महिन्याला २५ तास ओव्हरटाइम झाला तर ४,५०० रुपये. तुम्ही त्याला सुपरवायझर करताना वाढ दिली ३,००० ची. म्हणजे नवं पद, नवी डोकेदुखी, आणि घरी १,५०० रुपये कमी. त्याच्या बायकोला हे पहिल्याच महिन्यात कळतं, एचआरला सहा महिन्यांनी राजीनामा आल्यावर.

म्हणून गेल्या बारा महिन्यांच्या स्लिपा काढा, ओव्हरटाइमची सरासरी घ्या, आणि वाढ त्यापेक्षा जास्त ठेवा. मालक म्हणतील जास्त होतंय. मग त्यांच्यापुढे वर्षभरात गेलेल्या सुपरवायझरांची यादी ठेवा.

युनियन असेल तर आणखी एक पदर आहे. औद्योगिक विवाद कायदा १९४७ मध्ये सुपरवायझरचं काम करणारा आणि ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त पगार घेणारा माणूस 'कामगार' या व्याख्येबाहेर जात असे. ही मर्यादा २०१० पासून १०,००० रुपये होती, औद्योगिक संबंध संहिता २०२० मध्ये ती १८,००० आहे. नुसतं पदनाम बदलून कुणी सुपरवायझर ठरत नाही, प्रत्यक्ष काम काय करतो ते पाहिलं जातं, हेही खरं. पण माणसाच्या मनात प्रश्न साधा असतो: उद्या काही झालं तर माझ्या मागे कोण? पुढचा वेतन करार मला लागू होणार का? हे प्रश्न तो विचारणार नाही, तुम्हीच काढा. समोर बसवा, चहा मागवा आणि स्पष्ट उत्तरं द्या. काय जातं आणि काय मिळतं ते कागदावर लिहून द्या.

रजेच्या दिवसात चार्ज द्या

आता मुख्य काम. सुपरवायझरचं काम म्हणजे एकच एक गोष्ट नसते. पाळी ताब्यात घेणं, माणसं मशिनवर लावणं, सकाळची पाच मिनिटांची मीटिंग घेणं, पहिला पीस पास करून घेणं, मेंटेनन्स आणि क्यूसीच्या (मालाची गुणवत्ता तपासणाऱ्यांच्या) मागे लागणं, रजा देणं-नाकारणं, रिजेक्शनच्या मीटिंगला उत्तर देणं. हे सगळं एका सोमवारी अंगावर टाकलं तर कुणीही गांगरेल.

एकेक तुकडा द्या. आधी महिनाभर फक्त हॅंडओव्हर: वही त्यानेच लिहायची, पुढच्या पाळीला त्यानेच सांगायचं. मग सकाळची मीटिंग. पहिल्या दिवशी पाय लटपटतात. काल शेजारी उभा असलेला मित्र समोर उभा राहून हसत असतो. त्यावर उपाय असा की मीटिंगमध्ये बोलायचं ते तीनच गोष्टींवर: काल काय झालं, आज काय काढायचंय, कुठे जपायचंय. भाषण नको. मग माणसं लावायचं काम. खाडे किती, कोण कुठल्या मशिनवर चालतो, हे स्किल मॅट्रिक्सवर (कुणाला कुठलं काम येतं त्याच्या तक्त्यावर) बघून त्याने ठरवायचं आणि सुपरवायझरने फक्त "असं का?" एवढंच विचारायचं. सगळ्यात शेवटी रजा, कारण तिथे नाती दुखावतात.

त्यानंतर सुपरवायझरच्या खऱ्या रजेत पूर्ण चार्ज. आपल्याकडे याला मुहूर्त भरपूर आहेत. गणपतीत कोकणातली माणसं जातात. मे महिन्यात लग्नं आणि गावच्या जत्रा. जूनमध्ये पाऊस पडला की मराठवाड्यातली पोरं पेरणीला पळतात, आणि छठपूजेला बिहारकडचे. नेमकं याच काळात लाइनवर माणसं कमी आणि डिस्पॅचचा तगादा जास्त. म्हणजे परीक्षा खरी. त्याला आठवडाभराचा चार्ज द्या, आणि 'ॲक्टिंग सुपरवायझर' म्हणून नोटीस लावा, म्हणजे स्टोअरवाला त्याच्या सहीवर इन्सर्ट देईल. नोटीस न लावता चार्ज दिला तर तो दिवसभर दुसऱ्यांच्या सह्या गोळा करत फिरतो आणि "याला जमत नाही" असा शिक्का बसतो.

जुन्या सुपरवायझरने त्या आठवड्यात काय करायचं? तो रजेवर नसेल, तर तालमीतल्या वस्तादाने हौद्याबाहेर उभं राहावं तसं राहायचं. उतरायचं नाही. सुरक्षिततेचा प्रश्न असेल किंवा गिऱ्हाइकाकडे खराब माल जात असेल, तरच मध्ये पडायचं. बाकी चुकीचा माणूस चुकीच्या मशिनवर लागला, पन्नास पीस कमी निघाले, तर निघू द्यायचे. संध्याकाळी दहा मिनिटं बसून विचारायचं: आज कुठे अडलं? परत हीच वेळ आली तर काय करशील? ही दहा मिनिटं म्हणजे खरा वर्ग. ती चुकवली तर चार्ज देणं म्हणजे नुसती फुकटची मॅनपावर.

शिकवायला शिकवा

लोकांकडून काम काढून घेता येण्यासाठी आधी काम शिकवता आलं पाहिजे. यासाठी मला आजवर सापडलेलं सगळ्यात कामाचं हत्यार ऐंशीहून अधिक वर्षं जुनं आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतले अनुभवी कामगार सैन्यात गेले, कारखान्यांत नवखी माणसं आली, आणि त्यांना झटपट तयार करण्यासाठी १९४० ते १९४५ या काळात तिथल्या सरकारने 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा कार्यक्रम चालवला. सुपरवायझरांसाठी तीन छोटे कोर्स: काम शिकवणं, माणसांशी वागणं, कामाची पद्धत सुधारणं. प्रत्येक कोर्स दहा तासांचा, दोन-दोन तासांच्या पाच बैठकांत. युद्धानंतर हेच जपानमध्ये गेलं आणि टोयोटासारख्या कंपन्यांनी ते मुरवलं. आज आपण जपानी म्हणून जे डोक्यावर घेतो, त्यातलं बरंच या दहा-दहा तासांतून निघालंय.

शिकवण्याच्या चार पायऱ्या आहेत. शिकणाऱ्याला तयार करा, काम दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, नंतर लक्ष ठेवा. वाचायला साधं वाटतं. पण शॉपवर बघा: बहुतेक जण दुसऱ्या पायरीवरच थांबतात. "बघ, असं करायचं. समजलं ना?" पोरगं मान हलवतं, कारण नाही म्हणायची सोय नसते.

शिकवायच्या आधी कामाचा एक तक्ता करायचा, तीन रकान्यांचा. पहिल्यात मुख्य पायरी, दुसऱ्यात कळीची गोष्ट, तिसऱ्यात कारण. टर्निंग सेंटरवर पार्ट लावायचा असेल तर पहिली पायरी: चकच्या (पार्ट पकडणाऱ्या भागाच्या) जॉ आणि बसायची जागा एअरगनने साफ करणे. कळीची गोष्ट: कोपऱ्यातली चिपसुद्धा राहता कामा नये. कारण: चिप राहिली तर पार्ट तिरका बसतो आणि फेस, म्हणजे समोरची बाजू, मापाबाहेर जातो. पुढची पायरी: पार्ट लावून चक बंद करणे. कळीची गोष्ट: चक बंद होईपर्यंत पार्ट मागे टेकवून धरायचा, बोटं जॉपासून लांब. कारण सांगायला नकोच, तरी सांगायचं. एका कामाला पाच-सात पायऱ्या पुरतात. तक्ता एका पानावर मावला नाही तर काम दोन तुकड्यांत शिकवा.

तिसऱ्या पायरीत मेहनत आहे. पोराने आधी नुसतं करून दाखवायचं. मग करताना पायऱ्या बोलून दाखवायच्या. मग कळीच्या गोष्टींसकट. मग कारणांसकट. चार वेळा. वेळ जातो म्हणून कुरकुर होते, पण कारण स्वतःच्या तोंडाने सांगितलेला मुलगा रात्री तीन वाजताही एअरगन मारतो. त्या कार्यक्रमाचं एक ब्रीद होतं, त्याचा अर्थ असा: कामगार शिकला नसेल, तर शिकवणाऱ्याने शिकवलेलं नाही. मी ते ट्रेनिंग रूममध्ये लावलेलं नाही. भिंतीवरची वाक्यं कुणी वाचत नाही. पण होणाऱ्या प्रत्येक सुपरवायझरने दोन अप्रेंटिस पूर्ण तयार करून दाखवल्याशिवाय त्याचं नाव पुढे जात नाही, हा आमच्याकडचा नियम आहे.

कालचा मित्र, आजचा साहेब

माणसांशी वागण्याच्या कोर्सच्याही चार पायऱ्या आहेत: आधी हकिकत गोळा करा, मग तोलून ठरवा, कृती करा, परिणाम तपासा. हे वर्गात सांगून उपयोग नाही, बोलून घ्यावं लागतं. आपल्याच कारखान्यातला प्रसंग घ्या, ओळख लपवा, आणि दोघांना समोरासमोर बसवा. उदाहरणार्थ, एक जुना ऑपरेटर सलग तिसऱ्या आठवड्यात सोमवारी दांडी मारतो. सुपरवायझर झालेला मुलगा वयाने पंधरा वर्षं लहान, कालपर्यंत त्यांना काका म्हणायचा.

पहिल्या फेरीत हमखास असं होतं: "काका, असं चालणार नाही, मला वर उत्तर द्यावं लागतं." काका म्हणतात, "तू कधीपासून साहेब झाला रे?" आणि संवाद संपतो. दुसऱ्या फेरीत मी सांगते, 'काका' सोडू नकोस, अहो-जाहोही सोडू नकोस. पण आधी विचार. "काका, तीन सोमवार झाले. घरी काही आहे का?" बऱ्याचदा काही तरी निघतं: आईचं डायलिसिस, गावच्या जमिनीची तारीख, किंवा मग सरळ रविवारची बैठक. कारण कळल्यावर पुढचं वाक्य वेगळं होतं. डायलिसिस असेल तर पाळी बदलून देता येते. बैठक असेल तर, "पुढच्या सोमवारी नाही आलात तर मी लिहून देणार, आणि ते तुम्हाला आधी सांगतोय." आवाज न चढवता हे वाक्य म्हणता येईपर्यंत मी फेऱ्या घेते. मुलं हसतात, लाजतात, तिसऱ्या-चौथ्या फेरीला जमायला लागतं.

कंत्राटी पोरांना "ए कॉन्ट्रॅक्ट" म्हणून हाक मारायची घाण सवय शॉपवर असते. होणाऱ्या सुपरवायझरला पहिल्याच आठवड्यात लाइनवरच्या सगळ्यांची नावं आणि गावं पाठ हवीत. मी तोंडी विचारते. हे ज्याला फालतू वाटतं, त्याच्याबद्दल मी पुन्हा विचार करते.

नव्या सुपरवायझरला त्याच्याच लाइनवर ठेवायचं की दुसऱ्या? यावर मतभेद आहेत. स्वतःच्या लाइनवर प्रक्रिया ओळखीची असते, पण मित्रही तिथेच असतात. माझं मत दुसऱ्या लाइनचं, निदान पहिले सहा महिने. प्रक्रिया महिन्यात कळते. मित्राला रजा नाकारायची हिंमत यायला जास्त वेळ लागतो.

वर्गात काय घ्यायचं

लोणावळ्याच्या रिसॉर्टवर नेऊन दोरी ओढायला लावणं, सिंहाचे फोटो असलेले लीडरशिपचे स्लाइड, हे मी बंद केलं. जेवण चांगलं असतं, एवढं मान्य. वर्गात घ्यायचं ते आकडे आणि कागद. थर्ड शिफ्ट करून आलेल्याला सकाळी वर्गात बसवू नका, रविवारी बोलावू नका, दोन तासांपेक्षा लांबवू नका.

आकड्यांपैकी ओईई, म्हणजे मशिनची एकूण कार्यक्षमता, आधी घ्या, कारण मीटिंगमध्ये हाच आकडा तोंडावर फेकला जातो. पाळी ४८० मिनिटांची, जेवण-चहाचे ३० गेले, राहिले ४५०. त्यातले ४५ ब्रेकडाउनमध्ये गेले, मशीन चाललं ४०५ मिनिटं. म्हणजे उपलब्धता ९० टक्के. सायकल टाइम एक मिनिट, निघाले ३६५ पीस, म्हणजे वेग ९०.१ टक्के. त्यात ११ रिजेक्ट, चांगले ३५४, म्हणजे गुणवत्ता ९७ टक्के. तिन्हींचा गुणाकार सुमारे ७८.७ टक्के. मग मी सांगते, आता ३५४ ला सरळ ४५० ने भागा. तेच उत्तर येतं आणि खोलीत एकदम उजेड पडतो: ओईई म्हणजे साडेचारशे मिनिटांत निघू शकणाऱ्या साडेचारशे चांगल्या पिसांपैकी किती निघाले. त्यानंतर साहेबांना घाबरणं कमी होतं.

इंग्रजीची भीती हा दुसरा विषय. शिकवणं मराठीत, गरज पडली तर हिंदीत. पण मेल इंग्रजीत येतात, हे टळत नाही. चार ओळींचा मेल लिहिण्याचा सराव पुरतो: कुठला पार्ट, किती नग, काय अडलं, कधीपर्यंत हवं.

बाहेर पाठवायचं असेल तर पुण्यात १९३४ पासून असलेली मराठा चेंबर ही उद्योजकांची संस्था आहे, मुंबईत सायनला केंद्रीय श्रम संस्था आहे. आयटीआय झालेल्या मुलाला पुढे शिकायचं असेल तर पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची सोय आहे. नोकरी सांभाळून पदवी करायची असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. फी कंपनीने भरावी, पण अर्धी आधी आणि अर्धी पास झाल्यावर. आणि परीक्षेच्या दिवसांत पाळी बदलून द्यावी; फीपेक्षा तीच गोष्ट मुलांना जास्त लागते.

करिअरचं एक पान

वर्षातून दोनदा, ॲप्रेझलच्या महिन्यात सोडून, प्रत्येक होणाऱ्या सुपरवायझरबरोबर अर्धा तास बसा. ॲप्रेझलमध्ये माणूस पगाराशिवाय काही ऐकत नाही. एका पानावर लिहायचं, आणि त्यात कोर्सची यादी नको, केलेल्या कामाची यादी हवी. एकतीस वर्षांचा आयटीआय फिटर, आता सेटर, असा कुणी समोर असेल तर त्याच्या पानावर साधारण असं येईल: तीन नवे पार्ट स्वतः सेट करून चालू करणे; दोन अप्रेंटिस तयार करणे; दोन रजाकाळांत लाइनचा चार्ज घेणे; एक जुना रिजेक्शनचा प्रश्न मुळापासून बंद करणे. प्रत्येकासमोर महिना आणि कोण बघणार त्याचं नाव. खाली दोघांच्या सह्या. फोटो काढून त्याच्या मोबाइलवर द्या, फाइलमध्ये गाडू नका.

त्याच अर्ध्या तासात घरचंही बोला. मूल लहान आहे का, बायको नोकरी करते का, गावाकडे परत जायचा विचार आहे का. पाच वर्षांनी गावी डेअरी टाकायची म्हणणाऱ्याची वाट वेगळी, आणि त्याने हे खरं सांगितलं म्हणून त्याला यादीतून काढायचं नाही. नाहीतर पुढच्या वेळी कुणीच खरं बोलणार नाही.

मुलींबद्दल वेगळं सांगावं लागतं. लाइनवर मुली आता पुष्कळ आहेत, पण बऱ्याच ठिकाणी त्या ट्रेनी म्हणून ठरावीक मुदतीसाठी येतात आणि मुदत संपली की जातात. हेरायच्या यादीत त्यांचं नावच नसतं. "रात्रपाळी कशी करणार?" हे ठरलेलं उत्तर. त्यांची संमती असेल आणि ने-आण व सुरक्षिततेची सोय असेल तर रात्रपाळी करता येते. मग बस कुठे थांबते, थांब्यापासून घर किती लांब, रात्री शॉपमध्ये महिलांचं स्वच्छतागृह उघडं असतं का, हे आधी बघा. त्यांना न विचारता त्यांच्या वतीने नकार देऊन टाकू नका.

वरच्या साहेबाचं काय

आतापर्यंतचं सगळं बुडतं ते इथे. नव्या सुपरवायझरने रजा नाकारली, पोरगं थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलं, आणि मॅनेजर म्हणाले, "जा रे, मी सांगतो त्याला." त्या क्षणापासून लाइनवर सुपरवायझर कुणी नाही. किंवा सकाळी रिजेक्शनच्या ट्रॉलीजवळ, वीस जणांसमोर, "अक्कल आहे का तुला?" असं ओरडणं. त्यानंतर तो मुलगा तेच वाक्य अप्रेंटिसला ऐकवतो; माणूस बोलायला वरच्याकडून शिकतो, वर्गात नाही.

म्हणून ट्रेनिंग सुरू करण्याआधी मॅनेजरांबरोबर बसून तीन गोष्टी कबूल करून घ्या. सुपरवायझरचा निर्णय त्याला विचारल्याशिवाय फिरवायचा नाही. बोलायचं ते बाजूला घेऊन बोलायचं. आणि आठवड्यातून एकदा दहा मिनिटं त्याच्याजवळ जाऊन विचारायचं, काय अडलंय. प्लांट हेडसमोर कबूल करून घ्या, कारण एकट्या एचआरचं कुणी ऐकत नाही. मॅनेजरच्या स्वतःच्या ॲप्रेझलमध्ये 'हाताखाली किती जण तयार केले' ही ओळ टाकली तर आणखी बरं. ती ओळ टाकायला मला मेहनत पडली, पण त्यानंतर संध्याकाळच्या त्या दहा मिनिटांना वेळ मिळायला लागला.

जमलं की नाही, आणि नाही जमलं तर

ट्रेनिंगनंतर भरून घेतात ते फॉर्म बघू नका; त्यात चहा चांगला होता एवढंच कळतं. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या चार पातळ्या बहुतेक एचआरवाल्यांना पाठ असतात: आवडलं का, समजलं का, वागण्यात आलं का, परिणाम दिसला का. आपण पहिलीवरच थांबतो. तिसरी-चौथी बघायला शॉपवर साधने पडलेलीच आहेत. त्याच्या लाइनवर न सांगता होणारे खाडे कमी झाले का? नवा मुलगा किती दिवसांत एकटा उभा राहतो? तोच ब्रेकडाउन पुन्हा पुन्हा होतो का? हॅंडओव्हर वहीत "सर्व ओके" सोडून काही येतं का? तीन महिने आधीचे आणि सहा महिने नंतरचे आकडे शेजारी ठेवा.

काही जणांना तरीही जमत नाही. त्यासाठी परतीची वाट बढतीच्या पत्रातच लिहून ठेवा: सहा महिन्यांत दोघांपैकी कुणालाही वाटलं तर मूळ कामावर, मूळ ग्रेडमध्ये परत, सेवाकाळ अखंड. ओव्हरटाइम परत चालू, युनियनचं सभासदत्व परत मोकळं. लाइनवर हे कुणी सांगायचं तेही आधी ठरवा. मी मॅनेजरना सांगायला लावते, सकाळच्या मीटिंगमध्ये, एका वाक्यात: "नव्या पार्टचं सेटिंग यांच्याशिवाय अडलंय, म्हणून आम्ही यांना परत मागून घेतलंय." आणि त्याच दिवशी त्याच्या हातात नव्या पार्टचं ड्रॉइंग असलं पाहिजे.